लांब इंग्रजी शब्द फोडायचा कसा?



गटाच्या बैठकीत बँकेचा किंवा कंपनीचा इंग्रजी कागद आला की काय होतं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. पहिली ताई कागद हातात घेते, वरून खाली बघते आणि शेजारणीकडे सरकवते. तीही तेच करते. फिरत फिरत कागद सचिवाकडे येतो आणि सचिव तो बारावीत शिकणाऱ्या पुतणीला दाखवते. मध्येच कुणीतरी म्हणतं, "कितला मोठा शबद शे माय!" सगळ्या हसतात आणि जिथे खूण केली असेल तिथे सह्या होतात.

मीसुद्धा अशीच एक सही केली होती. आमच्या गटाने द्रोण-पत्रावळीचं मशीन घ्यायचं ठरवलं होतं. एक माणूस गावात आला, फोटो दाखवले, बुकिंगचे तीन हजार घेतले आणि पावती दिली. मी गटाची सचिव, म्हणून पावतीवर माझी सही. आठवडाभरात आम्हाला कळलं की त्या मशीनला लागते तशी वीज आमच्या वस्तीत नाही. पैसे परत मागितले तर त्याने पावतीच्या तळाच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे एक लांबलचक शब्द होता : नॉन-रिफंडेबल. दहा बायकांची महिन्याला शंभर रुपयांप्रमाणे तीन महिन्यांची बचत एका शब्दाने गेली. जुन्या कॅशबुकात ती नोंद माझ्याच अक्षरात आहे.

तो शब्द मला वाचता आला नव्हता असं नाही. अक्षरं मला लागत होती. पण शब्द लांब दिसला म्हणून डोळे त्याच्यावरून घसरून पुढे गेले. म्हणून आजचा पाठ फक्त एवढ्यासाठी आहे की लांब शब्दावर डोळा थांबला पाहिजे.

केळीचा अख्खा घड कुणी तोंडात घालत नाही. आधी घडाची फणी वेगळी करायची, मग फणीचं केळ. इंग्रजीतला लांब शब्दही तसाच खायचा असतो.

आधी ठोके मोजा

हनुवटीखाली हाताचा पंजा आडवा धरा आणि मोठ्याने म्हणा, चाळीसगाव. हनुवटी किती वेळा हाताला लागली? तीन वेळा. चा, ळीस, गाव. लिहिताना आपण पाच अक्षरं लिहितो, पण बोलताना तीनच ठोके पडतात. पुस्तकात या ठोक्याला शब्दावयव म्हणतात. आपण ठोकाच म्हणू.

ठोका पडतो तो स्वरामुळे. 'आ', 'ई', 'ओ' म्हणायला तोंड उघडावं लागतं, म्हणून हनुवटी खाली येते. जितके स्वर ऐकू येतात तितके ठोके. इंग्रजीतही हेच आहे. 'लोन' लिहायला चार अक्षरं लागतात, एल-ओ-ए-एन, पण ठोका एकच. 'पेमेंट'चे दोन. 'डॉक्युमेंट'चे तीन. इंग्रजीत स्वराची अक्षरं पाचच, ए, ई, आय, ओ, यू, आणि कधी कधी वाय. पण शेवटचा 'ई' बहुतेक वेळा मुका असतो. एन-ओ-टी-ई लिहिलं तरी वाचायचं 'नोट', ठोका एक. म्हणून डोळ्याने अक्षरं मोजू नका, कानाने ठोके मोजा.

आपल्याकडच्या म्हाताऱ्या बाया स्टोला 'इस्टो' म्हणायच्या आणि स्टेशनला 'टेसन'. त्यावर हसायचं कारण नाही. शब्दाच्या सुरुवातीलाच दोन व्यंजनं चिकटून आली की आपली जीभ अडते. मग कुणी पुढे 'इ' लावून एक ठोका वाढवतं, तर कुणी पहिलं व्यंजनच गाळून टाकतं. जिभेला शब्द आपोआप फोडता येतो, हे यावरूनच दिसतं.

आता माझा तीन हजारांचा शब्द घ्या. नॉन, रि, फन, ड, बल. पाच ठोके. पाच ठोक्यांचा शब्द म्हणजे काही डोंगर नाही. 'पत्रावळीवाला' म्हणताना तुम्ही सहा ठोके घेता आणि दमत नाही.

जोर कुठे द्यायचा

मराठीत आपण सगळे ठोके साधारण सारख्या वजनाने म्हणतो. इंग्रजीत तसं नसतं. प्रत्येक लांब शब्दात एक ठोका जड असतो आणि बाकीचे हलके, कधी कधी तर गिळून टाकलेले. त्यामुळे बँकेतला परप्रांतातून आलेला साहेब किंवा फोनवरची बाई बोलते तेव्हा ओळखीचा शब्दही आपल्याला लागत नाही. अर्धे ठोके ऐकूच येत नाहीत.

जड ठोका शोधायचा एकच एक नियम इंग्रजीत नाही. पण आपल्या कामाच्या शब्दांपैकी पुष्कळ शब्द एका नियमात बसतात. शब्दाच्या शेवटी 'शन' असेल, म्हणजे टी-आय-ओ-एन, तर जोर 'शन'च्या लगेच आधीच्या ठोक्यावर येतो. ॲप्लिकेशन. रजिस्ट्रेशन. व्हेरिफिकेशन. नॉमिनेशन. आणि आपलं स्वतःचं फेडरेशन. चार ठोके, तिसरा जड. एकदा टाळी वाजवत म्हणून बघा, जड ठोक्याला टाळी जोरात. 'शन'ला स्वतःला कधीच जोर नसतो.

आपल्या स्टेशनच्या पाटीवर 'चाळीसगाव जंक्शन' लिहिलंय. इथून धुळ्याची गाडी वेगळी फुटते म्हणून जंक्शन. ठोके दोनच, जंक् आणि शन, आणि जोर नियमाप्रमाणे पहिल्यावर. या शब्दाचं मूळ लॅटिन भाषेत आहे आणि त्याचा अर्थ जोडणे. बैलांच्या मानेवर ठेवतो ते आपलं 'जू' आणि हा 'जंक्शन' दूरचे भाऊबंद आहेत, कारण संस्कृत आणि लॅटिन या एकाच कुळातल्या भाषा. जू दोन बैल जोडतं, जंक्शन दोन रेल्वेमार्ग जोडतं. 'फेडरेशन'ही लॅटिनमधूनच आलाय, तिथे मूळ शब्दाचा अर्थ तह किंवा करार असा होता. अनेक गट करार करून एकत्र आले की फेडरेशन. आपण त्याला 'संघ' म्हणतो.

'इटी'ने संपणारे शब्दही शनसारखेच वागतात. जोर 'इटी'च्या आधीच्या ठोक्यावर. सिक्युरिटी. एलिजिबिलिटी, म्हणजे पात्रता. डिसेबिलिटी, म्हणजे अपंगत्व. हा शेवटचा शब्द लक्षात ठेवा, पुन्हा लागणार आहे.

शेपूट बदललं की जोरही जागा बदलतो, आणि त्याचं उदाहरण आपल्या गावातच आहे. स्टेशनजवळ केकी मूस यांचं घर आहे, ज्यांनी काढलेले फोटो बघायला बाहेरगावचे लोक येतात. त्यांनी काढला तो फोटोग्राफ, जोर पहिल्यावर. त्यांची कला ती फोटॉग्रफी, जोर दुसऱ्यावर. आणि विशेषण होतं फोटोग्रॅफिक, जोर तिसऱ्यावर. 'फोटो' म्हणजे प्रकाश, 'ग्राफ' म्हणजे लिहिणं किंवा रेखणं. तुकडे तेच, शेपटाने जोर सरकवला.

डोकं, धड, शेपूट

ठोके मोजले की शब्द वाचता येतो. अर्थ कळायला दुसरी फोड करावी लागते, आणि ती आपल्याला मुळीच नवी नाही. हजेरीपटात 'गैरहजेरी' लिहितो ना? गैर, हजर, ई. 'बिनव्याजी' म्हणतो, तिथे बिन, व्याज, ई. आधी नकाराचं डोकं, मध्ये मूळ शब्द, शेवटी शेपूट. व्याकरणात डोक्याला उपसर्ग आणि शेपटाला प्रत्यय म्हणतात. शाळेत हे पाठ करताना कंटाळा आला होता, पण कागद वाचताना तेच उपयोगी पडतं.

'रिपेमेंट' घ्या. 'रि' म्हणजे परत, 'पे' म्हणजे देणं, 'मेंट' हे नाम बनवणारं शेपूट. आपला शब्द काय? परतफेड. परत आणि फेड. जिथे इंग्रजीची सुरी चालली तिथेच मराठीची. आता 'रि'च्या जागी 'प्री' लावा. 'प्री' म्हणजे आधी. प्रीपेमेंट म्हणजे मुदतीआधी फेडणं. एका डोक्याचा फरक, पण पैशात मोठा, कारण काही कर्जांत मुदतीआधी फेडलं तर दंड लागतो. मायक्रोफायनान्सच्या कर्जाला मात्र असा दंड लावता येत नाही. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 3 लाखांपर्यंत असेल आणि कर्ज विनातारण असेल, तर ते मायक्रोफायनान्स कर्ज. 1 एप्रिल 2022 पासून रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. हप्ता थकला तर दंड लागू शकतो, पण तो थकलेल्या रकमेवरच, सगळ्या कर्जावर नाही. कागदावर 'प्रीपेमेंट'च्या पुढे 'पेनल्टी' शब्द दिसला तर तिथे बोट ठेवून विचारायचं.

आता नॉन-रिफंडेबल. 'नॉन' नाही, 'रि' परत, 'फंड' मूळ शब्द, 'एबल' म्हणजे करता येण्याजोगं. गंमत म्हणजे या 'फंड'चा लॅटिनमधला अर्थ ओतणं असा आहे, म्हणजे रिफंड म्हणजे परत ओतणं. तुम्ही आपला पैशाचा फंड समजलात तरी काम चालतं. परत न मिळण्याजोगे. चार तुकडे जोडायला मला तेव्हा एक मिनिटही लागलं नसतं.

शेपटांवरून माणूसही ओळखता येतो. 'अर' किंवा 'ऑर' शेपूट म्हणजे करणारा. लेंडर देतो, बॉरोअर घेतो, गॅरंटर जामीन राहतो. आपल्या 'कर्जदार', 'जामीनदार' मधलं 'दार' जसं. आणि दोनदा 'ई' असलेलं शेपूट म्हणजे ज्याच्यासाठी केलं तो. चेकवर 'पेई' म्हणजे ज्याला पैसे द्यायचे तो. नॉमिनी म्हणजे ज्याचं नाव आपण नेमलं तो. इथे जोर शेपटावरच असतो, ही शेपटं गर्विष्ठ आहेत म्हणा हवं तर. डोक्याला 'को' लागलं की 'सह'. को-बॉरोअर म्हणजे सहकर्जदार. मुलाच्या मोटारसायकलच्या कर्जावर "फक्त साक्षीला सही करा" म्हणून आईला बोलावतात आणि सहीच्या खाली छापलेलं असतं को-बॉरोअर. साक्षीदाराला 'विटनेस' म्हणतात. को-बॉरोअरची सही केली की हप्ता थकल्यावर फोन तुम्हालाच येणार. या दोन शब्दांतला फरक घरातल्या प्रत्येक बाईला माहीत असला पाहिजे असं माझं ठाम मत आहे, बाकीचा पाठ विसरलात तरी चालेल.

हायपोथिकेशन

हा शब्द गाडीच्या आरसी बुकावर किंवा पिठाच्या गिरणीच्या कर्जाच्या कागदावर येतो, आणि ऐकूनच घाम फुटतो. ठोके मोजा : हाय, पॉ, थि, के, शन. पाच. शेवटी शन आहे, म्हणून जोर 'के'वर. हायपॉथिकेशन. आता फोड. 'हायपो' हा ग्रीक तुकडा, अर्थ 'खाली'. डॉक्टर 'हायपो' म्हणतात तेव्हाही काहीतरी कमी किंवा खाली असतं. मधला तुकडाही ग्रीकच, अर्थ 'ठेवणं'. खाली ठेवणं! आपण काय म्हणतो? गहाण ठेवणं. दोन्हीकडे 'ठेवणं' आहेच.

पण सोनं गहाण ठेवलं तर ते बँकेच्या तिजोरीत जातं. हायपोथिकेशनमध्ये वस्तू आपल्याकडेच राहते, वापरतोही आपणच, फक्त तिच्यावर बँकेचा हक्क नोंदलेला असतो. म्हणून कर्ज फिटलं तरी काम संपत नाही. बँकेकडून ना हरकत दाखला आणि 35 नंबरचा फॉर्म घेऊन आरटीओकडे दिला की आरसीवरची ती नोंद निघते. ती काढली नाही तर गाडी विकताना अडचण येते. पुष्कळ जण शेवटचा हप्ता भरून पेढे वाटतात आणि हेच विसरतात.

विम्याच्या कागदावर

'डिसेबिलिटी' पुन्हा आठवा. 'डिस' म्हणजे उलट किंवा अभाव, 'एबल' म्हणजे समर्थ, 'इटी' म्हणजे आपलं 'पण' किंवा 'त्व'. अ-समर्थ-पण. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला 20 रुपये कापले जातात. अपघाती मृत्यू झाला तर 2 लाख आणि 'पार्शल' म्हणजे अंशतः, पण कायमच्या अपंगत्वाला 1 लाख. 'पार्शल'च्या पोटात 'पार्ट' आहे, पार्ट म्हणजे भाग. आपल्या बऱ्याच तायांना ही योजना फक्त मृत्यूसाठी आहे असं वाटतं, आणि अपघातात एक डोळा किंवा पाय गेलेला माणूस घरात असूनही दावा केला जात नाही. 'डिसेबिलिटी' शब्द कळला तर पुढचा प्रश्न आपोआप सुचतो.

जिथे ही युक्ती फसते

प्रत्येक 'इन' नकाराचा नसतो. 'इनव्हॅलिड' म्हणजे अवैध, तिथे नकार आहे. पण 'इन्कम' मधला 'इन' म्हणजे आत. आत येतं ते इन्कम. 'इंटरेस्ट' मध्ये तर 'इन' नाहीच, तिथे 'इंटर' आहे, म्हणजे मध्ये. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ 'मध्ये असणं' असा होता. देणारा आणि घेणारा यांच्या मध्ये जे असतं ते व्याज. नकाराचा 'इन' पुढचं अक्षर बघून रूपही बदलतो. 'मूव्हेबल' म्हणजे हलवता येणारं, जंगम. 'इम्मूव्हेबल' म्हणजे स्थावर, घर-जमीन. कागदावर एवढा एक 'इम' वाढला की म्हशीऐवजी घर तारण जातं.

आणि आकड्यांत तर कानावर भरवसा ठेवूच नका. फिफ्टीन आणि फिफ्टी, पंधरा आणि पन्नास. शब्द एकटा म्हणताना फिफ्टीनमध्ये जोर शेवटी आणि फिफ्टीमध्ये सुरुवातीला असतो. पण मागे 'थाउजंड' आला की फिफ्टीनचा जोरही पुढे सरकतो आणि दोन्ही शब्द सारखेच ऐकू येतात. फोनवर कुणी रक्कम सांगितली तर लगेच विचारायचं, "वन-फाइव्ह की फाइव्ह-झिरो?" लाजायचं नाही. थर्टीन-थर्टी, सिक्स्टीन-सिक्स्टी, सगळ्यांचं हेच आहे.

दुसरी गोष्ट. शब्द फोडता आला म्हणून इंग्रजी कागदावर समाधान मानायचं नाही. मायक्रोफायनान्स कर्जाचा करारनामा आणि लोन कार्ड कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत द्यावं, हा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. बँकेने किंवा कंपनीने कुणा एका व्यक्तीला मुदत कर्ज दिलं तर त्यासोबत व्याज आणि सगळे खर्च एकत्र मांडलेलं माहितीपत्रकही द्यावं लागतं, आणि तेही समजेल अशा भाषेत. 1 ऑक्टोबर 2024 पासून मंजूर होणाऱ्या नव्या कर्जांना हे लागू आहे. मराठी प्रत मागा. ती मिळेपर्यंत सही थांबवली तर कुणाचं काही बिघडत नाही.

एक खरोखर लांब शब्द

ऑडिट रिपोर्टमध्ये कधी कधी एक शब्द येतो : मिसॲप्रोप्रिएशन. ठोके सहा. मिस, ॲ, प्रो, प्रि, ए, शन. जोर कुठे? बरोबर, 'ए'वर. 'मिस' म्हणजे चुकीचं. मधल्या तुकड्यात 'प्रॉपर्टी'मधलाच 'प्रॉपर' आहे, म्हणजे स्वतःचं, आणि त्याच्या आधीचा 'ॲप' म्हणजे 'कडे'. स्वतःकडे घेणं. चुकीच्या रीतीने स्वतःचं करून घेणं. मराठीत अपहार. तिथेही 'अप' हा उपसर्ग आहेच, बघा. हा शब्द तुमच्या गटाच्या किंवा ग्रामसंघाच्या कागदावर दिसला तर मान डोलावून पान उलटायचं नाही. कुणी, किती रुपये, कोणत्या तारखेला, हे त्याच बैठकीत विचारायचं आणि इतिवृत्तात लिहून घ्यायचं.

पुढच्या बैठकीत बचत गोळा झाल्यावर दहा मिनिटं काढा आणि हे तीन शब्द सगळ्यांनी मिळून फोडा. डिसक्वालिफिकेशन. नॉन-ट्रान्सफरेबल. रिइम्बर्समेंट.

आधी स्वतः करा, मग उत्तर बघा. पहिल्याचे ठोके सहा, जोर 'के'वर, अर्थ अपात्र ठरवणं. दुसऱ्याचे पाच, जोर 'फर'वर, अर्थ दुसऱ्याच्या नावावर न करता येणारं. तिसऱ्याचे चार, जोर 'बर्स'वर. या 'बर्स'चा मूळ अर्थ पिशवी किंवा बटवा. आपल्या बटव्यातून खर्च झालेले पैसे परत बटव्यात, म्हणजे खर्चाची भरपाई. प्रशिक्षणाला जाताना एसटीचं तिकीट जपून ठेवता ना, ते याच शब्दासाठी.

घरात पडलेल्या एखाद्या पावतीवर, पासबुकावर किंवा विम्याच्या कागदावर सगळ्यात लांब दिसणारा शब्द चिठ्ठीवर उतरवून आपल्या सीआरपी ताईकडे द्या. पुढच्या अंकात त्यातलेच शब्द घेऊ.